पीएमए दिल्यावर पीकेसी वाढायचं सोडून गायब का झालं? (अँटिबॉडी फेकायच्या आधी वाचा)

प्रश्न ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एकांनी विचारलंय की एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कॅन्सरच्या सेल्सना १०० नॅनोमोलर पीएमए (पीकेसी, म्हणजे प्रोटीन कायनेज सी, हे प्रथिनांना फॉस्फेट लावणारं एन्झाइम चालू करणारं रसायन) देऊन २४ तास ठेवलं, सेल्सच्या थरावर ओढलेला ओरखडा, म्हणजे स्क्रॅच, नुसतं डीएमएसओ (पीएमए ज्यात विरघळवतात तो द्रव) दिलेल्या सेल्सपेक्षा लवकर भरून आला, मग "पीकेसी अ‍ॅक्टिव्हेट झाल्यामुळे मायग्रेशन वाढलं", म्हणजे सेल्स जास्त सरकल्या, असं लिहायला घेतलं आणि पुरावा म्हणून वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) केला, तर पीएमएच्या लेनमध्ये पीकेसी अल्फाची बँड जवळपास नाहीच, फॉस्फो-पीकेसी, म्हणजे फॉस्फेट लागलेलं पीकेसी, तेही नाही, आणि डीएमएसओच्या लेनमध्ये दोन्ही ठणठणीत. गाइड म्हणतायत अँटिबॉडी खराब आहे. नवीन मागवू का?

नका मागवू. डीएमएसओच्या लेनमध्ये बँड ठणठणीत दिसतेय म्हणजे अँटिबॉडी तिचं काम नीट करतेय, पीएमएच्या लेनमध्ये तिला धरायला प्रथिनच उरलेलं नाही. ब्लॉट खरं बोलतोय, गोची त्या वाक्यात आहे जे तुम्ही लिहायला घेतलंय.

म्हणजे इथे दोन प्रश्न आहेत बघा. एक तुम्ही विचारलाय, बँड का गेली. दुसरा विचारलेला नाही पण व्हायव्हाला एक्स्टर्नल नक्की विचारणार: स्क्रॅच लवकर भरला तो पीकेसी चालू झाल्यामुळे की पीकेसी संपल्यामुळे? २४ तासांच्या एकाच टाइम पॉइंटवर याचं उत्तर देताच येत नाही.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय म्हणून हक्काने सांगतो. पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी अगदी हाच ब्लॉट माझ्यासमोर होता आणि मी अँटिबॉडीवाल्या कंपनीला चांगलं खरमरीत ईमेल लिहिलं, लॉट नंबर, फोटो, सगळं लावून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेक्निकल सपोर्टच्या बाईंचं दीड ओळीचं उत्तर आलं, की पीएमए किती तास दिलं होतं, आणि १५ मिनिटांची लेन आहे का? नव्हती. दुपारी प्रयोग लावला, १५ मिनिटांच्या लेनमध्ये बँड अशी जाड की एक्स्पोजर कमी करावं लागलं. त्या बाईंना आभाराचं ईमेल लिहायला मला आठवडा लागला.

आता कारण. पीकेसी हे एक एन्झाइम नाही, कुटुंब आहे, माणसात नऊ जीन्स. जपानी शास्त्रज्ञ निशिझुकांच्या कोबेच्या लॅबने १९७७ मध्ये मेंदूच्या टिश्यूमधून ते पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि नावातला सी कॅल्शियमचा. भावंडांचे तीन गट पडतात. अल्फा, बीटा, गॅमा हे कन्व्हेन्शनल, यांना कॅल्शियमही लागतं आणि डीएजी म्हणजे डायअ‍ॅसिलग्लिसेरॉलही, बँकेच्या लॉकरसारखं, एक किल्ली तुमची एक बँकेची. डेल्टा, एप्सिलॉन, ईटा, थीटा हे नॉव्हेल, यांना कॅल्शियम लागत नाही, डीएजी पुरतं. झीटा आणि आयोटा हे एटिपिकल, यांना दोन्हीचं सोयरसुतक नाही, म्हणून पीएमएचंही नाही. हे लक्षात ठेवा, कारण "पीएमए दिलं म्हणजे पीकेसी चालू केलं" या वाक्यात एटिपिकल कधीच येत नाहीत. (जुन्या पेपरात पीकेसी म्यू नावाचं एक भावंड दिसेल, ते आता पीकेडी१ म्हणून वेगळ्या घरात गेलंय, गोंधळू नका.)

सेलमध्ये एरवी काय होतं, तर रिसेप्टरला सिग्नल मिळतो, फॉस्फोलायपेज सी मेंब्रेनमधलं एक लिपिड तोडतं, त्यातून डीएजी मेंब्रेनमध्येच राहतं आणि दुसरा तुकडा, आयपी३, सुटून कॅल्शियम मोकळं करतं. पीकेसी तोवर सायटोसॉलमध्ये, म्हणजे सेलच्या आतल्या द्रवात, स्वतःच्याच तोंडात बोळा घालून बसलेलं असतं, स्यूडोसब्स्ट्रेट म्हणतात त्याला, म्हणजे दिसायला सब्स्ट्रेटसारखा (सब्स्ट्रेट म्हणजे ज्याला एन्झाइम फॉस्फेट लावतं ते प्रथिन) पण फॉस्फेट घेणार नाही असा स्वतःचाच तुकडा अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये अडकवलेला. मेंब्रेनवर जाऊन डीएजीला चिकटलं की बोळा निघतो आणि काम सुरू. पण डीएजी फार टिकत नाही, डीएजी कायनेज मिनिटांत त्याचं फॉस्फॅटिडिक अ‍ॅसिड करून टाकतं, पीकेसी परत येऊन बोळा घालून बसतं. बेल वाजली, दार उघडलं, बंद झालं.

पीएमए हे डीएजीच्याच खाचेत बसतं, सी१ डोमेनमध्ये, पण कितीतरी घट्ट, आणि सेलला ते डीएजीसारखं चटकन मोडता येत नाही. म्हणजे कोणीतरी बेलचं बटण दाबून वर सेलोटेप लावून निघून गेलंय. पहिला अर्धा-एक तास पीकेसी जोरात चालू असतं, पण उघडं पडलेलं पीकेसी हे सेलच्या दृष्टीने मोडीत काढायचं पीकेसी. उघड्या अवस्थेत फॉस्फटेजेस त्याच्यावरचे फॉस्फेट काढतात, मग युबिक्विटिनचं लेबल लागतं आणि माल प्रोटिअसोमकडे, म्हणजे सेलच्या प्रथिनं मोडायच्या यंत्राकडे, जातो (काही सेल्समध्ये लायसोसोमच्या वाटेनेही जातो, तो वाद आपण इथे नको काढूया). एरवी चांगलं टिकाऊ असलेलं हे प्रथिन पीएमएखाली काही तासांत उतरायला लागतं आणि २४ तासांनी तुमच्या ब्लॉटसारखी अवस्था. याला डाउनरेग्युलेशन म्हणतात आणि जुने लोक हे मुद्दाम करायचे, रात्रभर पीएमए देऊन पीकेसी संपवायचं आणि मग बघायचं की आपला सिग्नल अजून जातो का. इनहिबिटर धड नव्हते तेव्हा हाच इनहिबिटर. म्हणजे तुम्ही ज्याला अ‍ॅक्टिव्हेशन म्हणताय तो प्रयोग तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कोणी नॉकडाउन, म्हणजे प्रथिन कमी करून बघायचा प्रयोग, म्हणून केला असता.

किती तासांत किती उतरतं हे मात्र सेल लाइनवर, डोसवर, सीरमवर आणि कुठलं भावंड आहे त्यावर अवलंबून. साधारण अल्फा आणि डेल्टा लवकर जातात, एप्सिलॉन काही सेल्समध्ये रेंगाळतं, ईटा तर काही ठिकाणी हलतच नाही. म्हणून अल्फा गेलं म्हणजे "पीकेसी गेलं" असंही लिहू नका. तुमच्या सेल्समध्ये कोण उरलंय ते तुम्हालाच बघावं लागेल.

आता फॉस्फो-पीकेसी, कारण इथे निम्मी जनता फसते. ईआरके किंवा एकेटी या दुसऱ्या कायनेजची सवय असते, फॉस्फो दिसलं म्हणजे अ‍ॅक्टिव्ह. पीकेसीचं तसं नाही. नवीन तयार झालेल्या पीकेसीवर पीडीके१ नावाचं कायनेज अ‍ॅक्टिव्हेशन लूपला एक फॉस्फेट लावतं, मग शेपटीकडे आणखी दोन लागतात ज्यासाठी एमटॉर कॉम्प्लेक्स २ लागतो, अल्फामध्ये थ्रिओनिन ६३८ आणि सेरीन ६५७, आणि हे सगळं जन्मल्यावर थोड्याच वेळात होऊन जातं, सिग्नल येवो न येवो. रिक्षाची पासिंग झाली, सीएनजी भरला, स्टँडवर उभी आहे, इतकाच त्याचा अर्थ. मीटर पडलंय का ते त्यातून कळत नाही. म्हणून तुमच्या डीएमएसओ लेनमध्ये फॉस्फो-पीकेसी ठणठणीत होतं, बंद असूनही. आणि एक गंमत, एटीपीच्या जागी बसणारे इनहिबिटर दिले की पीकेसी फॉस्फटेजपासून वाचतं, त्यामुळे इनहिबिटरच्या लेनमध्ये फॉस्फो-पीकेसी वाढलेलं दिसू शकतं! असा ब्लॉट घेऊन रडवेली झालेली दोन पोरं माझ्याकडे येऊन गेलीत.

मग मीटर पडलंय हे बघायचं कसं? एक, पीकेसी कुठे आहे ते बघा, सायटोसॉलमध्ये की मेंब्रेनवर. डिजिटोनिनने सायटोसॉल काढा, उरलेला पेलेट ट्रायटनमध्ये उकलून मेंब्रेन फ्रॅक्शन. बफरमध्ये ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) विसरू नका, कारण सेल फोडताना मोकळ्या कॅल्शियमनेच कन्व्हेन्शनल पीकेसी मेंब्रेनला जाऊन चिकटतं आणि तुम्हाला वाटतं वा, काय सुंदर ट्रान्सलोकेशन, तेही डीएमएसओमध्ये. दोन, सब्स्ट्रेट बघा. मार्क्स नावाचं प्रथिन पीकेसीचं जुनं आणि भरवशाचं गिऱ्हाईक, फॉस्फो-मार्क्सची अँटिबॉडी मिळते, काही मिनिटांत उठते. फक्त एक खोच. मार्क्सचं हिशोबाने वजन ३२ किलोडाल्टनच्या आसपास, पण जेलवर ते ८० च्या जवळ पळतं, आणि पीकेसी अल्फाही तिथेच. एकाच मेंब्रेनवर स्ट्रिप करून दोन्ही रॅबिट अँटिबॉडी लावल्यात तर कुठली बँड कोणाची ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. दोन वेगळे जेल चालवा.

तुमच्या जागी मी आधी एकच साधा टाइम कोर्स करेन, पाच मिनिटं, पंधरा, तीस, दोन तास, सहा, चोवीस, आणि डीएमएसओ शून्यालाही आणि चोवीसलाही, कारण २४ तासांत सेल्सची गर्दी वाढते आणि सीरम वापरलं जातं, शून्याच्या कंट्रोलशी चोवीसची तुलना करणं बरोबर नाही. अल्फा, डेल्टा, एप्सिलॉन एवढी तीन भावंडं आणि फॉस्फो-मार्क्स. बजेट नसेल तर अल्फा आणि मार्क्सवर भागवा, पण टाइम कोर्स सोडू नका. मग २४ तासांची एक जास्तीची लेन, शेवटचे सहा-आठ तास सोबत प्रोटिअसोम थांबवणारं एमजी१३२ टाकून (पूर्ण २४ तास टाकलंत तर सेल्सच मरतील), आणि ही लेन ८ टक्के जेलवर जरा जास्त वेळ पळवा. प्रोटिअसोम थांबल्यामुळे अल्फा थोडं परत दिसलं तर उत्तर हातात आलं. त्यात नेहमीच्या ८० च्या बँडखाली ७६ च्या आसपास दुसरी बारीक बँड दिसली तर ते फॉस्फेट गमावलेलं, मोडीत निघायच्या रांगेत उभं असलेलं पीकेसी असण्याची शक्यता खूप. मी पहिल्यांदा ती बँड बघितली तेव्हा डिग्रेडेशन समजून फोटो क्रॉप केला होता, तुम्ही करू नका.

मायग्रेशनचं काय? इथे थोडं खोलात जावं लागेल कारण खरा पेच इथेच आहे. पीएमए देऊन तासाभराने धुवून टाकू असं मनात आलं असेल तर ते जमणार नाही, पीएमए तेलकट आहे, मेंब्रेनमध्ये जाऊन बसतं, कपड्यावरच्या हळदीसारखं धुतलं तरी पिवळं राहतंच. त्यापेक्षा तीन गोष्टी करा. पहिली, ४-अल्फा-पीएमए हा कंट्रोल लावा, रचना जवळपास तीच पण पीकेसीला धरत नाही, त्यानेही स्क्रॅच भरला तर पीकेसीचा विषयच संपला. दुसरी, पीकेसीचा इनहिबिटर गो६९८३ पीएमएच्या अर्धा तास आधी. पीएमएचा परिणाम पीकेसीच्या कामामुळे असेल तर इनहिबिटरने तो जाईल, आणि परिणाम पीकेसी संपल्यामुळे असेल तर नुसत्या इनहिबिटरनेही, पीएमए न देता, स्क्रॅच लवकर भरायला हवा. प्लेटमधल्या चार विहिरींची (डीएमएसओ, पीएमए, इनहिबिटर, दोन्ही) ही तुलना तुमच्या अख्ख्या चॅप्टरचा कणा आहे. तिसरी, अल्फाचा एसआयआरएनए (अल्फा बनणंच कमी करणारा आरएनएचा तुकडा), त्याच तर्काने. तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर लिहा. नसतील तर पीएमए सी१ डोमेन असलेल्या इतरांनाही धरतं, रॅसजीआरपी, कायमेरिन, पीकेडी वगैरे, तिकडे बघायला लागेल. शिवाय तुमच्या सेल्समध्ये केरास आणि बीराफ ही ईआरकेला चालवणारी दोन्ही जीन्स म्यूटेटेड आहेत, ईआरके आधीच तापलेलं आहे, त्यामुळे पीएमएने ईआरके वाढलं हा नेहमीचा पुरावा तुमच्याकडे फिका दिसेल, घाबरू नका. आणि स्क्रॅचमध्ये सेल्सचं विभाजन थांबवणारं मायटोमायसिन टाकलं नसेल तर भरलं ते मायग्रेशनने की सेल्स वाढल्याने हा वेगळाच घोळ.

हे काही तुमच्या एकट्याच्या ब्लॉटपुरतं नाही, या गोंधळात अख्खं फील्ड तीस वर्षं होतं. पीएमए (जुन्या पेपरात टीपीए लिहितात, तेच ते) येतं क्रोटन तेलातून, आणि क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा. होय, तोच, नाव काढलं तरी लोक हसतात तो. १९४० च्या दशकात असं दिसलं की उंदराच्या कातडीला कॅन्सर करणारं रसायन थोडंसं, एरवी काही होणार नाही इतकंच लावलं, आणि नंतर कित्येक आठवडे क्रोटन तेल चोळत राहिलं, तर गाठी येतात, नुसतं तेल चोळलं तर सहसा येत नाहीत. मग १९६० च्या दशकात तेलातला नेमका पदार्थ मिळाला आणि १९८२ मध्ये निशिझुकांच्याच गटाने दाखवलं की तो थेट पीकेसीला चालू करतो. झालं, सरळ गणित मांडलं गेलं: गाठी वाढवणारा पदार्थ पीकेसी चालू करतो, म्हणजे पीकेसी गाठी वाढवतं, म्हणजे पीकेसी बंद करा. औषधं आली, एन्झास्टॉरिन आलं, अल्फाविरुद्धचं अँटिसेन्स आलं, कॅन्सरच्या मोठ्या ट्रायल झाल्या आणि आपटल्या. मिडोस्टॉरिन मूळचं पीकेसी इनहिबिटर म्हणून निघालं होतं, ते २०१७ मध्ये मंजूर झालं ते एफएलटी३ म्यूटेशनच्या ल्युकेमियासाठी, म्हणजे दुसऱ्याच कायनेजच्या जोरावर.

२०१५ मध्ये सॅन डिएगोच्या अलेक्झांड्रा न्यूटन यांच्या लॅबने कॅन्सर पेशंट्समध्ये सापडलेल्या ५५४ पीकेसी म्यूटेशन्सपैकी सुमारे ८ टक्के एकेक करून तपासली, बहुतेकांत पीकेसी निकामी झालेलं होतं आणि चालू करणारं एकही नव्हतं. आतड्याच्या कॅन्सरच्या एका सेल लाइनमध्ये बिघडलेलं पीकेसी बीटा दुरुस्त केलं तर उंदरातली गाठ लहान झाली. म्हणजे आठवड्यामागून आठवडे तेल चोळताना त्या उंदरांच्या कातडीतलं पीकेसी चालू राहत होतं की संपत होतं, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, आणि तुमच्या २४ तासांच्या लेनचा प्रश्न तोच आहे. हे सगळीकडे लागू नाही हेही सांगतो, डोळ्यातल्या युव्हिअल मेलानोमात जीएनएक्यू या जीनच्या म्यूटेशनमुळे पीकेसी खरोखर चालू असतं आणि तिथे इनहिबिटर देण्यात अर्थ आहे. त्यामुळे "पीकेसी चांगलं की वाईट" असं कोणी विचारलं की मी कुठल्या सेलमध्ये, कुठलं भावंड, किती वेळ, एवढं विचारल्याशिवाय बोलत नाही.

इनहिबिटरवरून आठवलं, तुमच्या यादीत पीकेसी डेल्टासाठी रॉटलेरिन लिहिलंय. कृपा करून काढा. रॉटलेरिन येतं शेंद्रीच्या झाडाच्या फळावरच्या लाल भुकटीतून, रेशीम रंगवायची जुनी वस्तू, आणि नव्वदच्या दशकात ते डेल्टाचं स्पेसिफिक इनहिबिटर म्हणून पसरलं. पुढे तपासल्यावर कळलं की ते डेल्टाला धड धरतच नाही, मायटोकॉन्ड्रिया अनकपल करतं, एटीपी पडतं, आणि मग सेलमध्ये जे काय होईल ते डेल्टाच्या नावावर लिहिलं जातं. पेपर अजूनही छापून येतात, पण तुमचा रिव्ह्यूअर जाणता निघाला तर एका ओळीत अख्खी फिगर उडवेल. डेल्टासाठी एसआयआरएनएच. स्टॉरोस्पोरिनचं तर नावच नको, ते भेटेल त्या कायनेजला धरतं.

थोडं पीएमएच्या बाटलीबद्दल. रेणुभार ६१७ च्या आसपास, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये १.६२ मिली डीएमएसओ टाकलं की १ मिलिमोलर स्टॉक, लहान लहान अ‍ॅलिकॉट करून उणे २० ला, प्रकाशापासून लांब. १०० नॅनोमोलरला दहा हजार पट डायल्यूट, म्हणून मधे एक डायल्यूशन करा, अर्धा मायक्रोलिटर थेट विहिरीत सोडण्याचा पराक्रम करू नका. आणि एकावर एक असे दोन ग्लोव्ह्ज घाला, हा ट्यूमर प्रमोटर आहे आणि डीएमएसओ त्याला कातडीतून आत नेतं. आमच्याकडे एकाने ग्लोव्ह न घालता टिप बदलली आणि मनगटावर लाल चट्टा दोन दिवस मिरवला.

तर क्रमाने सांगायचं तर आधी टाइम कोर्स आणि एमजी१३२ ची लेन, ते आठवड्याभराचं काम आहे, मग डिजिटोनिन फ्रॅक्शन आणि मार्क्स फक्त पंधरा मिनिटं आणि चोवीस तासांना, मग ४-अल्फा-पीएमए आणि गो६९८३ लावून स्क्रॅच. एसआयआरएनए सर्वांत शेवटी, तोवर गाइडनाही पटलेलं असेल. त्यांना पटवायला १५ मिनिटांची एक लेन पुरते, वाद घालायला जाऊ नका, नुसता ब्लॉट टेबलावर ठेवा.

टाइम कोर्स झाला की फोटो इथे टाका, पण पूर्ण टाका, लॅडरसकट, न क्रॉप केलेला. आणि सोबत सीरम किती टक्के होतं, स्क्रॅचच्या वेळी सेल्स किती दाट होत्या, पॅसेज नंबर काय होता तेही लिहा. ७६ ची बँड दिसली तर मला टॅग करा.